मधली फट

टोलेडो, ओहायो. बोलिंग अ‍ॅलीच्या मागची खोली.
मंगळवारी साडेसातला
सहा टीव्ही, जुने, पोट सुटलेले,
ओडेलने लोकांच्या दारातून उचलून आणलेले.
नवे सपाट पडदे दाखवण्याआधी जरा विचार करतात,
हे करत नाहीत.
म्हणून पाठ गेली तरी हेच, म्हणतो ओडेल.

लास्लो पंधराचा. म्हणाला, शिकवा.
मी म्हटलं, उडी मार, पण उडू नकोस.
तो हसला. सगळेच हसतात.

ऐक.
बटण दाबलंस की तुझा बगळा आधी गुडघ्यात वाकतो,
तीन चौकटी.
सेकंदाला साठ असतात,
पापणी लवेतो अठरा-वीस निघून जातात.
चौथीत पाय जमीन सोडतात.
सोडतात न सोडतात
तोच झुकांडी दे, तिरकी, खाली,
जमिनीच्याच अंगात.
हवा संपते. वेग उरतो.
त्या उरलेल्या वेगावर तू सरकतोस,
पाऊल न उचलता,
तोंड समोरच्याकडे आणि अंग मागे मागे,
जणू कुणी खालून सतरंजी ओढली
आणि तू पडलाच नाहीस.

हे कुणी ठरवलेलं नाही.
ज्यांनी खेळ बांधला त्यांनी जमीन बांधली, हवा बांधली,
मधली फट बुजवायची राहिली.
कुणाचं तरी बोट तिथे चुकून पडलं.

दोन आठवडे बगळा नुसता बेडकासारखा उड्या मारत होता.
मग एकदा सरकला.
लास्लोने माझ्याकडे पाहिलंही नाही,
श्वास धरून पुन्हा केलं. नाही जमलं.
पुन्हा.
खिटखिट, खिटखिट,
त्याची आई इलोना म्हणते, घरी भिंतीपलीकडून
कुणी अंधारात स्वेटर विणतंय असं वाटतं.

मी रात्रपाळीला गाड्यांच्या काचा तपासते.
पट्ट्यावरून काच येते, आत बुडबुडा,
हात जातो.
डोक्याला विचारत बसलं
तर काच पुढच्या बाईकडे गेलेली असते.
एवढंच मला शिकवता येतं, खरं तर.
बाकीचं अंगठ्याचं.
माझ्या अंगठ्याला आता पट्टी लागते.

जानेवारीत आमची गाठ पडली, शेवटच्या फेरीत.
त्याची प्रत्येक सवय मीच दिलेली:
जागच्या जागी डावी-उजवी-डावी अशी हूल,
जमिनीला टेकण्याआधी खांद्याचं बटण,
म्हणजे टेकल्यावरचा जडपणा निम्मा.
दोघांचा शेवटचा जीव.
तो काठाला लोंबकळत होता.
आता हात सोडेल, उडेल, झुकेल,
सरकत आत येईल, अगदी इथे,
मी तिथेच घाव घातला.

त्याला एक चौकट उशीर झाला.
बगळा ओठावर टेकला आणि
आत यायच्या ऐवजी पाठमोरा घसरला, बाहेर,
खाली,
माझा घाव रिकाम्या जागेवर,
आणि मी अजून त्या घावातून सुटतेय तोवर
तो खालून वर आला.
संपलं.

खोली ओरडली. ओडेलने माझी पाठ थोपटली, जरा जोरातच.
मी विचारलं, मुद्दाम केलंस?
नाही, तो म्हणाला,
हात न मिळवताच
कोपऱ्यातल्या टीव्हीपाशी जाऊन बसला.

सव्वानऊ.
इलोना दारात, कोटाची चेन गळ्यापर्यंत, हातात किल्ल्या.
बाहेर तिच्या गाडीचे दिवे बर्फावर.
हरला का? तिने मला विचारलं.
जिंकला.
मग तिथे काय करतोय?

मी पाहिलं. काठ सोडत होता,
अगदी बरोबर सरकून आत येत होता,
दर वेळी बरोबर,
आणि दर वेळी
चरफडत होता.

दहा मिनिटं द्या, मी म्हटलं.
ती बसली. कोट काढला नाही.
मला दहाला पाळी होती,
मीही बसले.